कूलंट कमी होतंय, पण थेंब कुठेच दिसत नाही: स्पोर्ट्स कारमधली संथ गळती शोधायची कशी आणि बंद करायची कशी

दर पंधरा दिवसांनी कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीतली पातळी बोटभर खाली आणि गाडीखालची फरशी मात्र कोरडी ठाक. माझ्या जुन्या, मधल्या इंजिनाच्या दोन आसनी गाडीने मला आठ महिने असं झुलवलं. पंपाखाली ओल दिसली म्हणून पहिल्या गॅरेजने वॉटर पंप बदलला. महिन्याभरात ओल पुन्हा तिथेच. मग दोन होज (रबरी नळ्या) बदलले, तरी फरक नाही. शेवटी दोष सापडला तो पंपाच्या हातभर वर, अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या तीन तोंडांच्या जोडणीत. तिथून सुटलेला थेंब होजच्या पोटाला चिकटून खाली यायचा आणि पंपाच्या कडेवरून गळायचा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तो नवा पंप फुकट गेला. तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहितोय. पाना धरता येत असेल आणि गाडी स्टँडवर सुरक्षित उचलता येत असेल, तर यातलं बहुतेक काम घरी होतं. उचलणं जमत नसेल तर पहिल्या चार पायऱ्या तरी (तिसरीतलं अंडरट्रे काढणं सोडून) स्वतः करा. मेकॅनिककडे जाताना हातात निरीक्षणांची वही असली की अंदाजाने पार्ट बदलण्याचा प्रकार बराच आटोक्यात येतो.

सुरू करण्याआधी: या गाड्यांत गळती का लपते?

साध्या गाडीत इंजिन आणि रेडिएटर शेजारी शेजारी असतात, बोनेट उघडलं की सगळं समोर. मधल्या किंवा मागच्या इंजिनाच्या गाडीत रेडिएटर बहुतेकदा नाकाशी आणि इंजिन पाठीमागे. मधलं अंतर कूलंट जमिनीखालच्या लांबलचक पाइपांतून कापतो. पोर्शे ९११ची ९९६ ही पिढी १९९७ साली आली. पाण्याने थंड होणारी ती पहिली ९११. इंजिन मागे, रेडिएटर पुढच्या दोन कोपऱ्यांत आणि सगळं मिळून वीस लिटरच्या आसपास कूलंट. एवढ्या साठ्यातून पाव लिटर गेलं तर डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याला पत्ताही लागत नाही.

त्यात खाली गाडीचं पोट झाकणारा अंडरट्रे असतो. गळालेलं त्याच्या खोबणीत साचतं आणि तिथेच वाळतं. एक्झॉस्टजवळ पडलेला थेंब तर जमिनीपर्यंत पोचतच नाही, वाफ होऊन जातो. वेगात असताना वारा उरलेला ओलावा मागे ढकलतो. त्यामुळे मनाशी पक्कं करा: ओल ही फक्त खूण आहे. उगम तिच्या वर आणि बहुतेकदा तिच्या पुढे असतो.

१. आधी मोजा, मग शंका घ्या

इंजिन पूर्ण थंड, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. जागा सपाट, आणि शक्यतो दर वेळी तीच. गरम कूलंट फुगतो, त्यामुळे फेरफटका मारून आल्यावर पाहिलेली पातळी धरू नका. टाकीवर मॅस्किंग टेपची उभी पट्टी चिकटवा, पातळीवर बारीक पेनाने रेघ मारा आणि शेजारी तारीख व किलोमीटर लिहा. भर घालायची वेळ आली तर मापाच्या भांड्याने घाला आणि किती मिलीलिटर गेलं ते टिपा.

कूलंट नुकताच बदलला असेल तर घाबरू नका. आत अडकलेली हवा पहिल्या काही फेऱ्यांत बाहेर पडते आणि पातळी थोडी उतरते. तीनचार वेळा गाडी पुरती तापून निवल्यावर पातळी स्थिर झाली पाहिजे. त्यानंतरही उतरतच राहिली, तर ती गळती.

वहीत प्रवास कसा होता तेही लिहा. माझ्या वहीत एक गोष्ट ठळक दिसली: लांब पल्ल्याच्या आठवड्यात कमी कूलंट जायचं, छोट्या छोट्या फेऱ्यांच्या आठवड्यात जास्त. किलोमीटर कमी आणि गळती जास्त, हे उलटंच वाटलं होतं. पण छोट्या फेऱ्यांत इंजिन जास्त वेळा तापतं आणि निवतं. म्हणजे गळती धावताना होत नव्हती, तापण्या-निवण्याच्या मधल्या वेळेत होत होती. ही एक ओळ आधी कोणी वाचली असती तर फिरत्या पंपावरचा संशय तेव्हाच कमी झाला असता.

२. हाताशी काय हवं

- कूलिंग सिस्टिमचा हातपंप असलेला प्रेशर टेस्टर आणि तुमच्या टाकीच्या तोंडाला बसणारा अडॅप्टर. (अडॅप्टर नसेल तर टेस्टर शोभेचा.)
- यूव्ही (अतिनील) टॉर्च आणि तिच्या उजेडात चमकणारा, कूलंटसाठीच बनवलेला यूव्ही रंग. इंजिन ऑइलचा किंवा एसीचा रंग वेगळा असतो, तो चालत नाही.
- लांब दांड्याचा छोटा आरसा. मोबाइलला जोडता येणारा एंडोस्कोप (लवचीक नळीच्या टोकाचा छोटा कॅमेरा) मिळाला तर उत्तम.
- पांढरे टिश्यू, मोठा कोरा पुठ्ठा, मॅस्किंग टेप, वही.
- होज आवळून धरणाऱ्या स्प्रिंग क्लॅम्पची पक्कड, टॉर्क पाना (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळणारा), हातमोजे, चष्मा.
- जॅक आणि किमान दोन भक्कम स्टँड. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही.
- तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल: कूलंटचा प्रकार, एकूण प्रमाण, टाकीच्या कॅपचा (झाकणाचा) दाब, हवा काढायचा क्रम आणि बोल्टचे टॉर्क ही पाच पानं आधीच काढून ठेवा.
- मालकी बदललेली गाडी असेल तर जुनी बिलं. कोणता पंप, कोणता थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे कूलंटची वाट उघडणारा वाल्व्ह) कधी बदलला ते त्यात असतं. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने हिरवा कूलंट भरल्याचं बिल होतं आणि टाकीत गुलाबी. कोणीतरी मध्ये भर घातली होती, हे तिथेच कळलं.

३. डोळे, नाक आणि बोटं

अंडरट्रे काढा. त्याच्या आतल्या बाजूला जिथे पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खवले दिसतील त्याचा फोटो काढा, मगच धुवा. कूलंट वाळला की मिठागरासारखा कडक थर मागे ठेवतो. हा थर म्हणजे गळतीची सही. बरेच जण पहिल्याच दिवशी सगळं इंजिन जोराच्या पाण्याने धुऊन टाकतात आणि महिन्यांचा पुरावा गटारात जातो. आधी बघा, मग धुवा.

मग स्वच्छ झालेल्या गाडीखाली पुठ्ठा पसरा. त्यावर चारही चाकांच्या खुणा करा, ‘पुढे’ आणि ‘डावी’ असं लिहा. सकाळी एखादा ठिपका दिसला तर तो गाडीच्या नेमक्या कोणत्या भागाखाली आहे, ते पुठ्ठा सांगेल.

ठिपका टिश्यूने टिपा. एसीचं पाणी पारदर्शक, बिनवासाचं, बोटांत चोळलं तर पाण्यासारखंच. कूलंट बोटांत निसरडा लागतो, वास गोडसर आणि पांढऱ्या टिश्यूवर रंग उतरतो. चव घेऊन बघण्याचा शहाणपणा करू नका: बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते मूत्रपिंडं निकामी करतं. कुत्र्या-मांजरांना त्याची गोडी भुलवते, म्हणून सांडलेलं तसंच ठेवायचं नाही.

गाडीच्या आतही नाक फिरवा. हीटर लावल्यावर गोड वास, काचेवर आतून पुसूनही न जाणारा चिकट धूसरपणा, पाय ठेवायच्या जागी ओला कार्पेट, अशी लक्षणं असतील तर डॅशबोर्डमागचा हीटर कोअर (आतली हवा गरम करणारा छोटा रेडिएटर) संशयित. बाहेर कितीही शोधलं तरी तो सापडणार नाही. काही गाड्यांत कूलंटची टाकी मागच्या डिकीच्या भिंतीत बसवलेली असते, बॉक्स्टरच्या ९८६ पिढीत तशीच आहे. तिथे टाकीला तडा गेला की डिकीचा कार्पेट ओला होतो आणि मालक डिकीचं रबर बदलत बसतात.

४. कॅप: अंदाजाने बदलायला हरकत नाही असा एकमेव भाग

कॅप म्हणजे नुसतं झाकण नाही, दाब सांभाळणारा वाल्व्ह आहे. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं. एक बार जादा दाब दिला की तेच १२० अंशांपर्यंत तग धरतं. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं, दाबाखाली सव्वाशेच्याही वर जातं. बहुतेक कॅपवर ०.९ ते १.४ बारच्या दरम्यानचा आकडा छापलेला असतो. स्प्रिंग थकली किंवा रबर कडक झालं की कॅप लवकर सुटते, कूलंट ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर जातं आणि आपण होजांना दोष देत बसतो.

कॅपमध्ये दुसरा, उलट दिशेचा वाल्व्हही असतो. इंजिन निवलं की आत निर्वात होतं, तेव्हा तो उघडून समतोल साधतो. तो अडकला असेल तर सकाळी वरचा जाड होज चपटा झालेला दिसतो. होज बिचारा निर्दोष असतो.

नवी कॅप घेताना दाबाचा आकडा जुळवा. ‘जास्त दाब म्हणजे जास्त सुरक्षित’ हा हिशेब इथे चालत नाही. जुन्या प्लास्टिकच्या टाकीवर जास्त दाबाची कॅप लावली तर पुढची गळती तुम्हीच तयार केलीत. आणि हे अक्षरशः अंगावर कोरून ठेवा: गरम इंजिनाची कॅप उघडायची नाही. दाब सुटला की शंभराच्या वर तापलेलं द्रव क्षणात उकळून चेहऱ्यावर येतं. वरचा होज हाताने दाबून बघा. मऊ आणि थंड असेल तरच कॅपला हात लावा, तोही फडकं ठेवून.

५. थंड इंजिनावर प्रेशर टेस्ट

सगळ्या शोधाचा कणा हा. कॅपच्या जागी टेस्टर बसवा आणि कॅपवर लिहिलेल्या आकड्यापर्यंतच हवा भरा, त्याहून एक टोलाही जास्त नाही. आता काट्याच्या जागेचा फोटो काढा.

इथे दोन फसगती ठरलेल्या. पहिली: इंजिन कोमट असताना टेस्ट लावणं. इंजिन निवत जातं तसा दाब आपोआप उतरतो आणि नसलेली गळती दिसते. दुसरी: टेस्टरचा अडॅप्टरच गळणं. अडॅप्टरच्या कडेला आणि टेस्टरच्या नळीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर आधी ते दुरुस्त करा. मी पहिल्या दिवशी पाऊण तास गाडीखाली पडून होतो आणि हवा माझ्या मानेपाशी अडॅप्टरमधून जात होती.

मोठी गळती पंधरा मिनिटांत काटा पाडते. संथ गळतीला वेळ द्या. माझ्या गाडीचा काटा एक बारवरून नऊ दशांशावर यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात आरसा आणि टॉर्च घेऊन वरून खाली, पुढून मागे असा एकाच क्रमाने जा. आधी टाकीची शिवण आणि तिचा सेन्सर, मग प्रत्येक होजची दोन्ही तोंडं, थर्मोस्टॅटचं घर, हीटरच्या नळ्या, टर्बो असेल तर त्याच्या कूलंटच्या बारीक नळ्या आणि त्यांचे तांब्याचे वॉशर, ऑइल कूलरचे जोड, वॉटर पंप, जमिनीखालचे पाइप, शेवटी रेडिएटर. ओली जागा दिसली की टिश्यूने पुसा, मिनिटभर थांबा आणि ओल पुन्हा *सर्वात आधी* कुठे उगवते ते पाहा. पुसल्याशिवाय बोट दाखवू नका.

मला दिसलं ते असं: होजच्या वरच्या अंगाला केसाएवढी गुलाबी रेघ. पुसली. आरशात बघत राहिलो. प्लास्टिकच्या जोडणीच्या साच्याच्या शिवणीवर टाचणीच्या टोकाएवढं काहीतरी चमकलं, फुगलं आणि घरंगळत होजवर आलं. पुढचा थेंब यायला दीड मिनिट. आठ महिन्यांचं भूत ते एवढंसं.

जमिनीखालचे पाइप तपासताना जॅकच्या जागांकडे खास लक्ष द्या. चुकीच्या ठिकाणी जॅक लावून चेपलेला पाइप मी दुसऱ्याच्या गाडीत पाहिला आहे. पुढच्या कोपऱ्यांतल्या रेडिएटरसमोर पाला आणि माती अडकते, ओल धरून ठेवते आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पाती कुजवते. बंपर काढल्याशिवाय हे दिसत नाही. काढाच.

रात्रभर दाब ठेवून पाहणं जास्त उपयोगी. पहाटेच्या गारव्यात रबर आणि क्लॅम्प आकसतात, तेव्हाच पाझरणारे जोड असतात. सिलिकॉनचे रंगीत होज बसवलेल्या गाड्यांत हा प्रकार हमखास.

६. थंडीत सापडलं नाही तर: गरम इंजिन आणि यूव्ही रंग

काही गळत्या उलट स्वभावाच्या, म्हणजे इंजिन तापल्यावर आणि पंप फिरत असतानाच उघडतात. पंपाच्या अंगावर एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर पडावा म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. भोकाशी किंचित वाळलेला डाग दिसला म्हणून पंप बाद ठरत नाही. ओघळ किंवा थेंब असेल तर ठरतो, आणि पुली हलवून खडखड जाणवली तर प्रश्नच नाही.

यूव्ही रंग बाटलीवर लिहिलेल्या मात्रेनेच घाला. जास्त घातला तर सगळंच चमकतं. दोनतीन दिवस नेहमीसारखी गाडी चालवा, मग अंधारात टॉर्च मारा. बघताना सैल बाही, गळपट्टा, मोकळे केस नकोत. इंजिन बंद केल्यावरही विजेचा पंखा कधीही सुरू होतो, त्याच्या आवाक्यात हात नकोत.

एक्झॉस्टजवळची गळती हलक्यात घेऊ नका. पाणी उडून गेल्यावर मागे राहिलेलं ग्लायकॉल तापलेल्या धातूवर पेट घेऊ शकतं. ट्रॅकवर जात असाल तर तिथला नियम आधी विचारा. ग्लायकॉल सांडलं की डांबर साबणासारखं निसरडं होतं, म्हणून बऱ्याच ट्रॅकवर ते चालत नाही, फक्त पाणी आणि गंज रोखणारं द्रव्य चालतं.

७. बाहेर सगळं कोरडं, तरी पातळी उतरते

आता संशय आत. कूलंट सिलिंडरमध्ये जातंय किंवा ऑइलमध्ये.

ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधी साय दिसली की लोकांचे पाय लटपटतात. छोट्या फेऱ्यांच्या गाडीत ती नुसत्या दमटपणानेही जमते. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधी असेल तर मात्र इंजिन सुरू करू नका.

हेड गॅस्केटसाठी (इंजिनाचा ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्यामधल्या सीलसाठी) रासायनिक चाचणी असते. टाकीच्या तोंडावर नळी ठेवून आतली हवा निळ्या द्रवातून ओढायची. जळलेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड मिसळला की निळ्याचं पिवळं होतं. आधी टाकीतली पातळी थोडी खाली आणा, नाहीतर कूलंटच नळीत ओढला जाईल आणि चाचणी वाया. याच्या जोडीला स्पार्क प्लग काढून रात्रभर दाब ठेवा आणि सकाळी प्रत्येक भोकातून एंडोस्कोप घाला. एकाच पिस्टनचं डोकं वाफेने धुतल्यासारखं लख्ख आणि बाकीचे काळे दिसले, तर गळती त्याच सिलिंडरमध्ये. सकाळी पहिल्या स्टार्टला गोड वासाचा पांढरा धूर हीही खूण.

काही इंजिनं या बाबतीत नाजूक म्हणून ओळखली जातात. पहिल्या पिढीच्या लोटस एलीसमधलं रोव्हरचं के-सिरीज इंजिन हेड गॅस्केटसाठी बदनाम आहे. त्यात कूलंट थोडाच मावतो, म्हणून बारीक गळतीसुद्धा महागात पडते. माझदाच्या आरएक्स-७, आरएक्स-८ मधल्या रोटरी इंजिनात हेड गॅस्केट नाहीच, तिथे कूलंटची सील जातात आणि दुरुस्ती म्हणजे इंजिन खोलणं. पोर्शेच्या ९९६ आणि ९९७ टर्बो व जीटी३ मध्ये कूलंटच्या काही जोडण्या इंजिनात चिकटवलेल्या असतात. त्या वयाने सुटतात आणि कधीकधी एका झटक्यात सगळं कूलंट रस्त्यावर. जाणकार त्या वेल्ड करून किंवा पिन मारून पक्क्या करतात. अशी गाडी असेल आणि तिथे किंचितही ओल दिसली, तर ‘नंतर बघू’ म्हणू नका.

हे काम घरच्या अंगणातलं नाही. निदान तुम्ही करा, पुढे जाणकाराकडे द्या.

८. दुरुस्ती

सर्वात आधी, जे करायचं नाही ते: गळती बंद करणारी पूड किंवा द्रव टाकीत ओतू नका. ती भोक शोधते तशीच हीटर कोअरची आणि रेडिएटरची बारीक भोकंही शोधते. वाटेत अडकलेल्या माणसाला घरी पोचवण्यापुरतं ठीक, त्यानंतर सगळी सिस्टिम धुवावी लागते.

होज काढताना स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नका, प्लास्टिकचं तोंड मोडतं. होज बदलायचाच असेल तर लांबीच्या दिशेने अलगद कापा, पातं तोंडाला लागू देऊ नका. त्या एका चऱ्यातून पुढे पाझर होतो. अ‍ॅल्युमिनियमचं तोंड पांढऱ्या बुरशीसारखं खडबडीत झालं असेल तर बारीक एमरीने गुळगुळीत करा. खड्डे खोल असतील तर नवा होज तिथे टिकणार नाही, तो भागच बदला.

क्लॅम्पबद्दल माझं मत ठाम आहे: कंपनीचा स्प्रिंग क्लॅम्प असेल तर तोच किंवा तसाच नवा. तो तापण्या-निवण्याबरोबर स्वतःला सावरतो. स्क्रूचा क्लॅम्प तसा नसतो. गळतंय म्हणून आणखी आवळायचा, मग प्लास्टिक चेपायचं, मग आणखी गळायचं, हे चक्र सुरू होतं. सिलिकॉनच्या होजवर खाचा असलेला साधा स्क्रू क्लॅम्प रबर कापतो. आतून सपाट पट्टी असलेला, शक्यतो स्प्रिंगचा आधार असलेला घ्या.

ओ-रिंग (जोडातलं रबरी कडं) प्रत्येक वेळी नवी. बसवताना थोडं कूलंट किंवा सिलिकॉन ग्रीस लावा. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस नको, कूलंटच्या रबराला पेट्रोलियम फुगवतं. ओ-रिंगवर वरून सीलंट थापणं ही खात्री वाटते, पण सुटलेला तुकडा थर्मोस्टॅटमध्ये जाऊन अडकतो.

प्लास्टिकची टाकी किंवा जोडणी चिरली तर चिकटवत बसू नका. दाब आणि उष्णता तो जोड उखडतात. मी इपॉक्सीने केलेला प्रयोग नऊ दिवस टिकला. आणि एक भाग वयाने गेला असेल तर त्याच वयाचे, त्याच जागेतले शेजारी बघा. मधल्या इंजिनाच्या गाडीत तिथवर पोचायलाच अर्धा दिवस जातो, म्हणून उघडलंच आहे तर शेजारची छोटी नळीही बदलून टाका. मात्र वॉटर पंप त्या यादीत आपोआप घालू नका, हे मी पैसे मोजून शिकलोय.

बोल्ट टॉर्क पान्यानेच. अ‍ॅल्युमिनियमच्या आट्या एका जादा हिसक्यात जातात.

९. भरणं आणि हवा काढणं

रंगावर जाऊ नका. हिरवा, गुलाबी, नारिंगी हे कंपन्यांनी दिलेले रंग आहेत, रसायन वेगळं असू शकतं. मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकारच घ्या. वेगळे प्रकार मिसळले तर गंजरोधक गुण मरतात आणि कधी गाळ बसतो. पाणी डिस्टिल्ड. नळाच्या पाण्यातले क्षार आत चिकटतात. निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं, बहुतेकांना तेवढं पुरून उरतं. आधी होज धुताना साधं पाणी वापरलं असेल तर काही लिटर आत अडकून राहतं, म्हणून शेवटी रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबावरून मिश्रणाचं प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणाने) प्रमाण तपासा.

लांब पाइपांच्या गाडीत खरी लढाई हवेशी. कॅप उघडून इंजिन चालू ठेवायचं आणि बुडबुडे थांबले की झालं, ही रीत इथे पुरत नाही. टोयोटा एमआर२ सारख्या गाडीला हवा काढण्यासाठी ठिकठिकाणी वेगळे बोल्ट दिलेत आणि क्रम चुकला तर पुढच्या रेडिएटरमध्ये हवा बसून राहते. विजेवर चालणारा पंप असेल तर मॅन्युअलमधला क्रम अक्षरशः पाळा. कॉम्प्रेसर आणि व्हॅक्यूमने भरायचं साधन मिळत असेल तर तेच वापरा: आधी निर्वात करायचं, काटा स्थिर राहतोय का बघायचं, मग कूलंट स्वतः आत ओढला जातो. गळती राहिली असेल तर एक थेंब न सांडता इथेच कळतं.

भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन तापवा. आत गरम हवा येते का, दोन्ही बाजूचे रेडिएटर हाताला सारखे गरम लागतात का, पंखा वेळेवर लागतो का, हे पाहा. एक बाजू थंड म्हणजे तिथे हवा.

जुना कूलंट झाकणाच्या डब्यात भरून टाकाऊ रसायनं घेणाऱ्यांकडे द्या. नाली, माती, झाडाची मुळं, सगळीकडे तो विषच.

१०. अंडरट्रे लावायची घाई नको

पुन्हा थंड इंजिनावर प्रेशर टेस्ट, पुन्हा पुठ्ठा, टेपवर नवी रेघ. तीन वेळा तापून निवल्यावर एक तपासणी, साधारण पाचशे किलोमीटरवर दुसरी. यूव्ही रंग आतच राहू द्या, पण आधीचे चमकणारे डाग पुसलेले हवेत, नाहीतर जुनाच डाग नवी गळती वाटेल. अंडरट्रे त्यानंतर लावा, मात्र तो कायमचा काढून ठेवू नका. काही गाड्यांत रेडिएटरची हवा त्याच्याच आधाराने वाहते.

डॅशबोर्डच्या काट्यावर फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मधल्या मोठ्या पट्ट्यात मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. कूलंट इतकं कमी झालं की सेन्सर कोरडा पडला, तर तो चक्क थंड दाखवतो. ओबीडीच्या खाचेत (गाडीच्या संगणकाची माहिती वाचायच्या सॉकेटमध्ये) लावायचं छोटं रीडर तापमानाचा खरा आकडा देतं. दुरुस्तीनंतरचे पहिले काही आठवडे ते लावून ठेवा आणि तुमच्या गाडीचा नेहमीचा आकडा लक्षात ठेवा.

गाडीत एक लिटर तयार मिश्रण, हातमोजे आणि जाड फडकं असू द्या. वाटेत आकडा चढायला लागला किंवा हीटरमधून अचानक थंड हवा आली तर एसी बंद, हीटर पूर्ण गरम, काचा खाली, सुरक्षित जागा बघून गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. कॅपला हात लावायचा तो वरचा होज मऊ पडल्यावरच, मग तास लागो की दीड तास.